रकाना सात

दत्तनगरच्या कोपऱ्यावर, झेरॉक्सच्या मशीनमागे
माझं टेबल आहे. एका अर्जाचे पन्नास रुपये.
चुकला तर पुन्हा भरून देते, फुकट.
नियम मला पाठ आहेत,
शाळेत पाढे होते तसे, अर्थ न विचारता.

वार्षिक उत्पन्न इतक्याच्या आत.
चटई क्षेत्र इतक्याच्या आत.
अर्जदाराच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्याही नावे
भारतात कुठेही पक्कं घर नसावं.
सवलत आयुष्यात एकदाच.

नरसूबाई येलदी आल्या मंगळवारी,
बेचाळीस अंशांत, पदराखाली पिशवी धरून.
कुंभारीच्या बाजूला एक खोली, एक स्वयंपाकघर;
बिल्डरकडे अकरा हजार भरल्याची पावती
टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोट दाबून धरलं.
पंखा चालू होता ना.

उत्पन्न?
"हजार विड्यांमागे मिळतं ते. पानं खराब निघाली तर तेही नाही.
वर्षाचं तुम्हीच काढा."
मी काढलं. इतकं खाली होतं
की तिथून मर्यादा दिसतही नव्हती.

कुटुंब?
इथे नियम स्पष्ट आहे:
नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं.
आमच्या गल्लीतले जुने लोक बायकोलाच कुटुंब म्हणायचे,
'कुटुंब माहेरी गेलंय', असं.
नरसूबाईंचा नवरा भिवंडीला गेलाय
लूम चालवायला. त्याला झाली चौदा वर्षं.
"त्याला धरायचं का कुटुंबात?"
कागदावर धरावंच लागतं, मी म्हटलं.
"धरा मग. कागदावर तरी सापडला."

अंगठा.
मशीन तीनदा नाही म्हणालं.
तंबाखूने, कात्रीने रेषा खाल्लेल्या.
चौथ्यांदा ओल्या फडक्याने पुसून
मी माझ्याच हाताने दाबून धरला
आणि मशीनने ओळखलं.
नको तितकं ओळखलं.

रकाना सात लाल झाला:
अर्जदाराच्या नावे घर आहे.

नाव सारखं असेल म्हणून दोनदा पाहिलं.
नोंदणी चार वर्षांपूर्वीची. भिवंडी, दुसरा मजला,
तीनशे दहा फूट.
खरेदीदार, नरसूबाई मल्लेशम येलदी.

त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"पुतणीच्या लग्नाला बोलावलेलं तिकडे.
दुसऱ्या दिवशी एका ऑफिसात नेलं,
फोटो काढला, अंगठे घेतले.
म्हणाला, गॅसचं आहे."

बाईच्या नावाने घेतलं की
मुद्रांक शुल्क एक टक्का कमी.
तोही नियम मला पाठ आहे.
एका टक्क्यापुरती
मल्लेशमला बायको लागली.

मी समजावलं, सवलत पहिल्या घराला असते,
तुमचं हे दुसरं धरतात.
"दुसरं," त्या म्हणाल्या.
तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, मग मराठीत,
"त्या घरात दुसरी आहे. मी नाही."

मी खिडकी बंद करणार होते, स्क्रीनवरची.
मागे तिघेजण उभे, एकाच्या कडेवर पोर.
त्या उठेनात.
"पोरी, त्या लाल रकान्याचा कागद निघतो का?"
निघतो. इंडेक्स टू म्हणतात.
"किती प्रती देतात?"

पाच काढल्या.
त्यांनी मालकाच्या जागी बोट ठेवलं,
एकेक अक्षर लावत स्वतःच्या नावापर्यंत आल्या,
तिथे जरा थांबल्या.
"दार कुठल्या तोंडाला, ते लिहिलंय का?"
चतुःसीमा होती. पूर्वेस जिना.
"म्हणजे जिना चढलं की माझंच."

पन्नासची नोट त्यांनी काढली,
चार घड्या घातलेली, तंबाखूच्या वासाची.
अर्ज नामंजूर झाला की मी पैसे घेत नाही.
हे घेतले, मालकीणबाईंकडून.

बाहेर जाता जाता झेरॉक्सवाल्याला विचारत होत्या,
सिद्धेश्वर कल्याणला थांबते ना,
आणि जनरलचा डबा पुढे असतो की मागे.